गुणपत्रिका कोणाची?



एक साधे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एकाच शहरात दोन प्राथमिक शाळा आहेत, दोन्ही महानगरपालिकेच्या. पाठ्यपुस्तके तीच, शिक्षकांची वेतनश्रेणी तीच, गणवेश तोच, दुपारचे जेवणही त्याच वेळापत्रकाने येणारे. वर्षअखेरीस तिसरीच्या मुलांना गोष्टीतला एक परिच्छेद वाचायला दिला. पहिल्या शाळेत बहुतेक मुलांनी तो वाचला. दुसऱ्या शाळेत चार-पाच मुलांनी वाचला, काहींना अक्षरे ओळखता आली पण शब्द जुळवता आले नाहीत, आणि उरलेली मान खाली घालून उभी राहिली. आता आपण सांगावे, नापास कोण झाले?

उत्तर चटकन येते, आणि चटकन येते म्हणूनच ते तपासून पाहावे लागते. कोणी म्हणते, दुसऱ्या शाळेतले शिक्षक शिकवत नसतील. कोणी म्हणते, आईवडिलांनाच काही पडलेले नाही. आमच्या सत्संगाला येणारे एक ज्येष्ठ काका आहेत, अतिशय सज्जन. ते म्हणतात, ज्याचे त्याचे प्रारब्ध. ही तिन्ही उत्तरे मी स्वतः वेगवेगळ्या वयात दिलेली आहेत, त्यामुळे ती देणाऱ्यांवर रागावण्याचा मला अधिकार नाही. आपण फक्त ती उत्तरे जरा उजेडात धरून पाहू.

हा विषय माझ्या मागे लागला तो एका शब्दामुळे. मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सवड मिळेल तशी अनुवादाची सेवा करते. गेल्या वर्षी शिक्षणावरचा एक इंग्रजी लेख वाट्याला आला. त्यात ‘इक्वॉलिटी’ आणि ‘इक्विटी’ हे दोन शब्द वारंवार जोडीने येत होते. इक्विटी म्हणजे आम्हाला वर्गात शिकवतात ते भागभांडवल, मालकाचा हिस्सा. तो अर्थ इथे बसेना, तेव्हा मी दोन्ही ठिकाणी ‘समानता’ लिहून मोकळी झाले. अनुवाद तपासणाऱ्या ताईंनी तो परत पाठवला. सोबत एकच ओळ होती: दोन्हींचा अर्थ एकच असता तर लेखकाने दोन शब्द कशाला वापरले असते? त्या ओळीला मला उत्तर देता येईना. शब्दकोश उघडला, त्यात शब्द सापडले, पण मनाचे समाधान झाले नाही. कारण तो प्रश्न शब्दाचा नव्हताच. मी ज्या शाळेत शिकले त्या शाळेचा तो प्रश्न होता.

मी सुरतची. वडील नंदुरबारकडून इथे आले. ज्यांनी सुरत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागांत फिरलात तर कानावर गुजरातीच्या बरोबरीने मराठी आणि अहिराणी पडते. पांडेसऱ्याकडे गेलात तर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार भेटतात, उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबे भेटतात. या शहराची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. कागदावर ही सगळी एकाच छपराखालची मुले. पण एका शाळेत कापड बाजारात पगारावर काम करणाऱ्याची मुले जास्त, तर दुसरीत मागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याची. शहराच्या नकाशावर या दोन शाळांमध्ये दोन किलोमीटरचेही अंतर नसेल.

मी मराठी माध्यमाच्या अशाच एका शाळेत आठवीपर्यंत शिकले. नेहमी पहिल्या तिनांत असायची. बक्षीस समारंभात माझे नाव पुकारले की आईचा चेहरा उजळायचा. ‘गरिबीतून मेहनतीने वर आलेली मुलगी’ हे वाक्य नातेवाइकांनी इतक्या वेळा म्हटले की ते मलाही खरे वाटू लागले. माझ्याच बाकावर एक मुलगी बसायची. डोक्याने तल्लख, तोंडी हिशोबात मी तिच्यापुढे कधी गेले नाही. ती सहावीनंतर शाळेत दिसली नाही. त्या वेळी मला वाटले, तिला अभ्यासाची आवडच नसेल.

आता हिशोब मांडून पाहते तेव्हा वेगळे दिसते. माझ्या वडिलांना महिन्याच्या ठरलेल्या दिवशी पगार मिळत असे. तिच्या घरी नगावर पैसे: साड्यांवर खडे चिकटवायचे, धागे कापायचे आणि संध्याकाळच्या आत गठ्ठा परत पोहोचवायचा. एकाच खोलीत साड्या पसरलेल्या असल्यावर पुस्तक पसरायला जागा उरत नाही. आमच्याकडे धाकट्या भावाला सांभाळायला आजी होती. तिच्या घरी धाकट्याला सांभाळायला तीच होती. माझी आई सातवी शिकलेली, वहीवरून नजर फिरवून चूक दाखवू शकणारी. तिची आई सही करताना अंगठ्याची शाई पदराला पुसायची. आम्ही आखाजीला गावी गेलो तरी शाळा उघडायच्या आत परत यायचो. तिचे कुटुंब गावी गेले की पेरणी आटोपूनच यायचे, तोवर वर्गात तीन-चार धडे होऊन गेलेले असत. एक गोष्ट मात्र दोघींची सारखी होती. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, आणि पुस्तकात पुण्याकडची वाटावी अशी मराठी. पण मला ते पुस्तक घरी कोणीतरी समजावून सांगत होते.

मेहनत मी केली, हे खोटे नाही. पण मेहनत करायला रोज लागणारी ती दोन तासांची शांतता मी कमावलेली नव्हती. ती मला मिळाली होती. आपण साधनेत कर्तेपणाचा अहंकार सोडण्याविषयी इतके बोलतो, आणि गुणपत्रिकेवरचा अहंकार मात्र भिंतीवर चौकट करून लावतो. मी तो अजून पुरता उतरवलेला नाही, हेही सांगून टाकते.

शाळांकडे परत येऊ. गुजरातमध्ये २००९ साली ‘गुणोत्सव’ सुरू झाला. मंत्री आणि अधिकारी प्राथमिक शाळांत जाऊन मुलांचे वाचन, लेखन, गणन तपासत, आणि शाळेला ए प्लसपासून डीपर्यंत श्रेणी मिळे. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. मोजलेच नाही तर मागे कोण राहिले हे कळणार तरी कसे? ‘असर’ नावाचे सर्वेक्षण ‘प्रथम’ ही संस्था २००५पासून देशभरातल्या गावांत करत आली आहे. त्याच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे चारातल्या एकालाही पुरता नाही. आणि ही सरासरी आहे. तिच्या पोटात कुठे वर्गच्या वर्ग वाचणारी शाळा आहे, तर कुठे एकही मूल न वाचणारी.

मोजावे, पण काय मोजले हे विसरू नये. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवतात की अखेरचा साठा कितीही मोठा दिसला तरी आरंभीचा साठा पाहिल्याशिवाय नफा सांगता येत नाही. एका शाळेत मूल येते तेव्हा त्याला अक्षरे येत असतात, घरी कॅलेंडर असते, वर्तमानपत्र असते, शिकवणी असते. वर्षाने ते परिच्छेद वाचते. दुसऱ्या शाळेत मूल येते तेव्हा त्याने हातात पेन्सिल धरलेली नसते, वर्गात बोलली जाणारी भाषा त्याला परकी असते. वर्षाने ते शब्द वाचू लागते. यात जास्त काम कोणी केले? श्रेणी मात्र पहिल्या शाळेला चांगली मिळेल आणि दुसऱ्या शाळेतल्या बाईंच्या हातात ‘डी’ येईल. काही ठिकाणी तो ‘डी’ योग्यही असेल. गैरहजर राहणारे शिक्षक असतात, पाट्या टाकणारे असतात, आणि गरीब वस्तीत ते जास्त खपून जातात कारण तिथले पालक जाब विचारायला घाबरतात. पण एकटी श्रेणी पाहून या दोन बाईंमधला फरक कळत नाही. जी झिजते तिलाही तोच शिक्का आणि जी टाळते तिलाही तोच. असा शिक्का बसत राहिला तर झिजणारी बाई बदलीचा अर्ज करते. मग त्या शाळेत कोण उरते, याचा विचार आपणच करावा.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यानुसार एक मोठी पाहणी झाली. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सुमारे ४,००० शाळांतल्या सहा लाखांहून अधिक मुलांची माहिती गोळा केली गेली आणि १९६६ साली अहवाल आला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांत इमारती, पुस्तके, पैसा यांचा फरक सापडेल आणि त्यावरूनच निकालातला फरक समजेल, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. निघाले निराळेच. मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी आणि वर्गातल्या सोबत्यांच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला होता.

यावरून काहींनी लगेच निष्कर्ष काढला की शाळेवर खर्च करून उपयोग नाही. आजही असे म्हणणारे भेटतात. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट ते सांगत नाहीत: वंचित समूहांतल्या मुलांचे यश आपल्या शाळेच्या दर्जावर इतरांपेक्षा अधिक अवलंबून होते. थोडे थांबून पाहिले तर यात आश्चर्य वाटू नये. ज्याच्या घरी चार दिवे आहेत त्याच्या शाळेतला एक दिवा गेला तरी तो वाचतो. ज्याच्या घरी दिवाच नाही त्याला शाळेतला तो एकच आहे. माझ्या बाकावरच्या मुलीला जे काही मिळणार होते ते शाळेच्या त्या पाच तासांतच मिळणार होते.

आता काकांच्या प्रारब्धाविषयी. हा शब्द मी हलक्याने घेत नाही. आपल्यापैकी अनेकांना संकटात त्याचा आधार वाटतो, माझ्या आजीलाही वाटत असे. परंतु हा शब्द कोणी कोणासाठी उच्चारायचा, याला काही मर्यादा आहे की नाही? स्वतःवर आलेले दुःख सोसताना माणूस प्रारब्ध म्हणतो तेव्हा ती सहनशीलता असते. दुसऱ्याच्या मुलाकडे पाहून म्हणतो तेव्हा ती सुटका असते, स्वतःची. ताप आलेल्या मुलाला घेऊन आई दवाखान्यात जाते तेव्हा डॉक्टर मागच्या जन्माची चौकशी करत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही तेव्हाच ती चौकशी का सुरू व्हावी?

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली न्यायावरच्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली. समाजाचे नियम ठरवायला आपण बसलो आहोत, पण त्या समाजात आपण कोण असणार हे आपल्याला ठाऊक नाही. श्रीमंत की गरीब, निरोगी की अपंग, काहीच माहीत नाही. अशा वेळी आपण जे नियम निवडू तेच न्याय्य. पाश्चात्त्य वाचकाला ही कल्पना करायला कदाचित थोडे प्रयत्न पडत असतील. पुनर्जन्मावर विश्वास असलेल्या माणसाला तर ती सहज करता यावी! समजा, आपला पुढचा जन्म याच शहरात आहे. घर कोणते ते ठाऊक नाही. अडाजणच्या सोसायटीत असेल किंवा पांडेसऱ्याच्या खोलीत, जिथे रात्रपाळीचे आणि दिवसपाळीचे कामगार आळीपाळीने एकाच चटईवर झोपतात. शहरातला कोणता शिक्षक, किती पैसा, कोणती शाळा कोणत्या वस्तीला, याच्या कागदावर आज आपल्याला सही करायची आहे. आपण काय लिहाल? मी काकांना हे विचारले. ते हसले, आणि म्हणाले, ‘बेटा, मग तर सगळ्यात पडकी शाळा आधी नीट करून घेईन.’

इथे थांबता आले असते तर हा लेख सोपा झाला असता. पण खरी अडचण याच्या पुढे आहे.

पालिकेचा पैसा मर्यादित आणि चांगले शिक्षकही मर्यादित. मागच्या शाळेला जास्त द्यायचे तर ते कुठून काढायचे? बरी चाललेल्या शाळेतला चांगला शिक्षक तिकडे पाठवला तर इथल्या मुलांचे काय? तीही काही धनिकांची मुले नाहीत. अडाजणच्या सोसायटीतले मूल पालिकेच्या शाळेत बहुधा येतच नाही, त्यामुळे त्याच्याकडून काही काढून घेतले जात नाही. ही ओढाताण होते ती गरीब आणि जरा कमी गरीब यांच्यात. भांडायचे त्यांनी आणि न्यायाच्या गोष्टी आपण करायच्या, हे मला बरे वाटत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी याच जागी बोट ठेवले होते. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर, असे त्यांनी सांगितले. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच यावेत, अशी त्यांची मागणी होती. ताट कोणाचे लहान करायचे, हा प्रश्न त्यांनी खालच्या दोघांत ठेवला नाही, थेट वर नेला.

आमच्या घरातली गोष्ट सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्यात खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवाव्यात अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती वैध ठरवली. माझ्या धाकट्या भावाला याच तरतुदीतून एका खासगी शाळेत जागा मिळाली. आम्हाला फार आनंद झाला, पेढे वाटले. अर्ज भरणे, उत्पन्नाचा दाखला काढणे, तारखा सांभाळणे हे सगळे आईने केले. ते तिला जमले म्हणूनच तर जागा मिळाली. माझ्या बाकावरच्या मुलीच्या आईला कोणी सांगितले असते तरी तिला दाखल्यासाठी तीन दिवसांची मजुरी बुडवणे परवडले नसते.

आई माझ्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होती. त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत अशी समिती नेमली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बैठकीत बहुतेक बायका गप्प बसत, आई बोलायची. पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली का, जेवणात डाळ पातळ का, अमुक वर्गाला दोन महिने शिक्षक का नाहीत. भाऊ खासगी शाळेत गेला, मी आठवी संपवून बाहेर पडले, आणि आईचे तिकडे जाणे थांबले. तिने काही चुकीचे केले का? मला नाही वाटत. आपल्या मुलाला मिळणारी चांगली संधी कोणत्या आईने नाकारावी? पण आमच्यासारखी दहा घरे निघून गेली की त्या शाळेत बोलणारे कोणी उरत नाही, आणि पुढच्या वर्षी ती शाळा आणखी मागे पडते. कोणीही वाईट वागलेले नसताना वाईट घडते. आपल्या रोजच्या आत्मपरीक्षणात अशा दोषांना जागाच नसते, कारण रात्री झोपताना आठवावे असे एकही वाईट कृत्य हाती लागत नाही.

गरिबी असेपर्यंत हे असेच चालायचे, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. आमच्याच राज्यातल्या वडोदऱ्यात आणि मुंबईत २००१ ते २००३ या काळात पालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा प्रयोग झाला. ‘प्रथम’ने त्याच वस्तीतल्या शिकलेल्या तरुणी निवडल्या. तिसरी-चौथीत असूनही ज्यांना पहिली-दुसरीचे येत नव्हते अशा पंधरा-वीस मुलांना त्या रोज दोन तास वेगळे बसवत आणि जिथे अडले होते तिथूनच शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सगळ्यात जास्त प्रगती सगळ्यात मागे असलेल्या मुलांची झाली. वर्गात उरलेल्या मुलांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. इमारत नवी नव्हती, पुस्तके बदलली नव्हती. अडचण इतकीच होती की वर्ग पाठ्यपुस्तकाच्या गतीने, म्हणजे पुढच्या बाकांच्या गतीने चालतो, आणि तिसरीत ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चौथी, पाचवी, सहावी म्हणजे नुसते बसून राहणे.

सुरतने हे दुसऱ्या एका बाबतीत करून दाखवले आहे. १९९४च्या सप्टेंबरात इथे प्लेग आला, लाखो माणसे शहर सोडून पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना रोज सकाळी कार्यालयाऐवजी गल्ल्यांत उभे राहावे लागले. काही वर्षांतच हे शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. घाण जिथे जास्त तिथे झाडू जास्त, यावर तेव्हा कोणी वाद घातल्याचे वडिलांना आठवत नाही. प्लेग जिना चढून सोसायटीतही येतो हे सगळ्यांना कळले होते. न वाचता येणारे मूल मात्र जिना चढून येत नाही. ते खालीच, त्याच गल्लीत मोठे होते आणि पुढे आपल्याच दुकानातला गठ्ठा उचलते. भीती वाटली तेव्हा आपण केले. भीती नसताना करू का?

हे सगळे लिहिणारी मी स्वतः काय करते, असे आपल्या मनात येईल. आम्ही पाच-सहा जण रविवारी एका वस्तीत मुलांना शिकवतो. पहिल्या वर्षी मी, जसे मला शिकवले होते तसेच शिकवत होते: प्रश्न विचारायचा, ज्याचा हात वर त्याला उभे करायचे, बरोबर आले तर चॉकलेट. चार महिन्यांत मागे बसणारी तीन मुले येईनाशी झाली. माझ्या डायरीत मी लिहिले होते, ‘रस नाही.’ ताईंची ती ओळ आली नसती तर डायरीतली ओळ मी पुन्हा वाचलीही नसती.

मग आम्ही एकेका मुलाला जवळ बसवून चार ओळी वाचायला लावल्या आणि वयाऐवजी वाचनावरून गट केले. याने फायदा झाला, पण दुखलेही. सहावीतली एक मुलगी दुसरीच्या मुलांत बसली आणि सगळा वेळ ओढणीचे टोक चावत राहिली. पुढच्या रविवारी आली नाही. ज्याला जास्त हवे त्याला जास्त द्यायचे ठरवले तर त्याला कमी आहे हे चारचौघांत दिसते, आणि ती लाज कोणत्या पुस्तकात मोजलेली नसते. तिच्या घरी गेले तेव्हा कळले की साड्यांच्या गठ्ठ्यांचा हिशोब ती तोंडी करते, डझनाचे भाव, कापलेले पैसे, सगळे. आता पहिला अर्धा तास ती लहानांना बेरीज-वजाबाकी शिकवते आणि मग त्यांच्याच शेजारी बसून वाचते. कधी येते, कधी येत नाही. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तर आलीच नाही, त्या दिवसांत साड्यांचे काम दुप्पट असते. जी मुले सुटून गेली त्यांतला एक जण परत आला आहे. दोघांचे पत्ते बदललेत.

तो अनुवाद शेवटी गेला. मी ‘ज्याला जेवढे हवे त्याला तेवढे’ असे लिहिले होते. एका शब्दासाठी पाच शब्द फार होतात म्हणून ताईंनी ‘समन्याय’ केले. शब्द चांगला आहे, पण आमच्या घरी तो कोणी वापरत नाही. आईने लेख वाचून त्याचा अर्थ विचारला. मी सांगत बसले, बाकावरच्या मुलीचेही सांगितले. आईला ती नावासकट आठवत होती. जरा वेळाने तिने विचारले, शाळेच्या समितीत पालकच लागतात का? मी कायदा सांगितला, तीन भाग पालक, एक भाग इतर. ‘इतर म्हणजे कोण?’ शिक्षक असतात, नगरसेवक असतात, शिक्षणात लक्ष घालणारे आसपासचे कोणी असू शकते. तिने डाळीखालचा गॅस बारीक केला आणि म्हणाली, मुख्याध्यापक बाईंचा नंबर जुन्या फोनमध्ये असेल, जरा शोधून दे.